फोर्क पोझिशनरसह साइड शिफ्टर: वेर्ण्यातील गोदामात एका पावसाळ्यानंतर

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील आमच्या गोदामात अडीच टनी डिझेल फोर्कलिफ्टवर फोर्क पोझिशनरसह साइड शिफ्टर, म्हणजे फोर्कमधले (माल उचलणाऱ्या दोन काट्यांमधले) अंतर बदलणारी आणि ते डावी-उजवीकडे सरकवणारी जोडणी, बसवला, त्याला आता एक पूर्ण पावसाळा उलटून गेला आहे. आमच्याकडे २०० लिटरच्या पिंपांची पॅलेट येतात, औषधांची पुठ्ठ्याची खोकी येतात आणि मधूनच यंत्रांच्या अरुंद लाकडी पेट्याही येतात. पूर्वी प्रत्येक वेळी ऑपरेटरला खाली उतरून, पिन उचलून फोर्क हाताने सरकवावे लागत, आणि बोटे चेंगरण्याची भीती सर्वाधिक तिथेच असे. आता हे काम आसनावर बसूनच होते. कंटेनरच्या भिंतीलगत पॅलेट लावताना दोन्ही बाजूंना मिळणारी सुमारे १०० मिमीची सरक इतकी उपयोगी पडते, की केवळ त्यासाठीही मी ही खरेदी पुन्हा करीन.

मात्र जोडणीच्या वजनामुळे आणि जाडीमुळे भार पुढच्या चाकांपासून आणखी दूर जातो, हे विक्रेत्याने आपणहून सांगितले नाही. यंत्रावरच्या मूळ क्षमता-पाटीवर ५०० मिमी लोड सेंटरला (फोर्कच्या उभ्या भागापासून भाराच्या गुरुत्वमध्यापर्यंतच्या अंतराला) २,५०० किलो अशी क्षमता होती. जोडणीसह ती २,१०० किलोवर आली. नवी पाटी लेखी मागितल्यावरच मिळाली, आणि ती लागेपर्यंत आम्ही जड पॅलेट दुसऱ्या यंत्राला दिले. पाटीशिवाय जोडणी ताब्यात घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वापरातही काही पथ्ये पाळावी लागतात. भार एका बाजूला सरकवलेला ठेवून यंत्र चालवले किंवा मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) उंच नेला, तर गुरुत्वमध्य बाजूला जाऊन यंत्र कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून भार उचलल्याबरोबर मध्यावर आणायचा, फोर्क जमिनीपासून १५ ते २० सेंमीवर ठेवून मास्ट मागे झुकवायचा आणि मगच निघायचे. पोझिशनरने माल दाबून धरणे आणि अडकलेले पॅलेट साइड शिफ्टरने ढकलणे आमच्याकडे बंद आहे. यंत्र कलंडलेच तर उडी न मारता पट्टा बांधलेल्या स्थितीत आसनावरच राहायचे, हे नव्या ऑपरेटरला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. पावसात ओल्या झालेल्या उतारावर भार नेहमी चढाच्या बाजूला राहिला पाहिजे, म्हणजे भरलेले यंत्र वर जाताना पुढे तोंड करून चढवायचे आणि खाली येताना उलटे उतरवायचे.

देखभालीत खरा शत्रू निघाला तो जांभ्याचा तांबडा चिखल. तो ग्रीसमध्ये मिसळला की घासणाऱ्या पट्ट्यांवर कानशीसारखा चालतो. त्यामुळे पावसाळ्यात आधी जुने ग्रीस पुसून मगच नवे भरावे लागले. नुसते वरून भरण्यात अर्थ नाही. होजच्या (तेलाच्या लवचिक नळ्यांच्या) जोडांवर खारट हवेने गंज धरला, पण गळती झाली नाही. मास्टमधून दिसणारी पुढची दृष्टी थोडी अडते, हा दोष मात्र कायमचा आहे.

लांब पेट्यांसाठी फोर्कवर चढवायची एक्स्टेन्शनही (फोर्कची लांबी वाढवणारी पोकळ आवरणे) घेतली. विक्रेता १,८५० मिमीची देत होता. आमचे फोर्क १,०७० मिमीचे, आणि आतल्या फोर्कने एक्स्टेन्शनच्या लांबीचा किमान ६० टक्के भाग पेलला पाहिजे, म्हणून १,६५० मिमीचीच घेतली. ती लावली की क्षमता आणखी उतरते आणि तिची वेगळी पाटी लागते. काम संपताच पिन काढून ती भिंतीवरच्या खुंट्यांवर टांगली जातात, नाहीतर वळताना टोक शेजारच्या रॅकला लागते.