महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी जॅमला कशी पडते?

खायला डिसेंबर-जानेवारीतली, जॅमला मात्र मार्चमधली घ्या. हंगाम सरताना फळ बारीक येतं, भाव उतरतो आणि चवही दाट लागते. मोठी देखणी फळं पाणी फार सोडतात. घेताना खोका उलटून तळ बघाच. वर लालबुंद रांग आणि खाली रस सुटलेली फळं, हा प्रकार सर्रास चालतो.

या फळात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट बसवणारा घटक, मुळातच कमी, अतिपिकल्यावर आणखी घटतं. म्हणून पाव हिस्सा देठाकडे पांढुरकी असलेली फळं हवीतच. धुऊन मग देठ काढायचे. आधी काढले की फळ पाणी पितं. किलोभर फळाला ७५० ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस लावून पाच-सहा तास मुरवा. पसरट स्टीलच्या पातेल्यात मोठ्या आचेवर आटवा. ॲल्युमिनियम नको, आंबटपणाने धातूची चव उतरते. एका वेळी किलोच करा. जास्त घातलं तर आटायला वेळ लागतो आणि रंग काळवंडतो.

थर्मामीटर असेल तर मुंबईत १०४-१०५ अंशांना गॅस बंद. खुद्द महाबळेश्वरात उंचीमुळे पाणीच ९५-९६ ला उकळतं, तिथे १०० पुरे. १०५ ची वाट पाहिली तर चिक्कीच व्हायची! थर्मामीटर नसेल तर फ्रीजरमधल्या गार बशीत थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकला. सुरकुती पडली की झालं.

रंग-वासाला पैकीच्या पैकी, घट्ट बसण्याला जेमतेम निम्मे.