लॅक्टमेड: सिझेरियननंतर बाळाला पाजायचे की थांबायचे?

माझ्या धाकट्या बहिणीचे सिझेरियन झाले त्या रात्री वॉर्डातल्या परिचारिकेने आम्हाला बजावले की पाठीतल्या इंजेक्शनचे औषध दुधात उतरते, तेव्हा सकाळपर्यंत बाळाला अंगावर पाजू नका. बहीण पूर्ण शुद्धीवर होती, बाळ मूठ चोखत होते, आणि तरीही आई आणि मी त्याला वाटी-चमच्याने पावडरचे दूध पाजत राहिलो, कारण उलट विचारण्याइतकी माहिती आमच्यापाशी नव्हती. तो पहिला चीक बाळाला मिळाला नाही, याची खंत मला आजही वाटते. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी थांबण्याची मुळीच गरज नव्हती असे सांगितले, आणि त्यांच्याच तोंडून मी लॅक्टमेडचे नाव प्रथम ऐकले.

लॅक्टमेड हा स्तनपानाच्या काळात घेतलेल्या औषधांविषयीचा, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने २००६ मध्ये सुरू केलेला माहितीसंग्रह आहे. तो मोफत आहे, त्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही आणि पानावर कोणतीही जाहिरात दिसत नाही. प्रत्येक औषधाच्या पानावर आधी थोडक्यात निष्कर्ष, मग आईच्या दुधात व बाळाच्या रक्तात आढळलेले प्रमाण, बाळावरचे परिणाम, दूध येण्यावरचे परिणाम आणि शेवटी पर्यायी औषधे, असा क्रम असतो. ‘सुरक्षित’ किंवा ‘असुरक्षित’ असा शिक्का मारून तो मोकळा होत नाही, तर किती औषध उतरते ते सांगतो, आणि मला हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

बुपिवाकेनचे पान पाहावे. आपल्याकडे सिझेरियनसाठी मणक्यातून जी भूल देतात, तिच्यात बहुधा हेच औषध असते आणि त्याची मात्रा साधारण १० ते १२ मिलिग्रॅम असते. या पानावर ज्या अभ्यासाचे आकडे आहेत, त्यातल्या स्त्रियांना एपिड्युरल पद्धतीने, म्हणजे मणक्याभोवतीच्या जागेत बारीक नळीतून, याच्या कितीतरी पट अधिक औषध मिळाले होते. तरीही दोन तासांनी त्यांच्या दुधात लिटरमागे सुमारे ०.०९ मिलिग्रॅम आणि बारा तासांनी ०.०४ मिलिग्रॅम एवढेच औषध सापडले. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात जेमतेम ३० मिलिलिटर चीक जातो, असे धरून मी हिशेब केला, तेव्हा दोन तासांचा वरचा आकडा दिवसभर कायम राहिला असे मानले तरी उत्तर तीन मायक्रोग्रॅमच्या आतच आले. शिवाय हे औषध रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहत असल्यामुळे दुधात कमी उतरते, आणि उतरलेल्यापैकीही बाळाच्या आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. लिडोकेन हे बधिर करणारे दुसरे औषध दुधात यापेक्षा जास्त आढळते, मात्र तेही बारा तासांत लिटरमागे ०.८६ वरून ०.२२ मिलिग्रॅमवर आले होते. पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रोपिवाकेनबद्दलचा निष्कर्षही असाच निर्धास्त करणारा आहे.

मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो दूध येण्यावरच्या परिणामांच्या भागात. जपानमधल्या १९९६ सालच्या एका छोट्या अभ्यासात सिझेरियननंतर काही स्त्रियांना डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या जोडीला एपिड्युरलमधून बुपिवाकेन चालू ठेवले होते, आणि केवळ डायक्लोफेनॅक मिळालेल्या स्त्रियांपेक्षा त्यांच्या वेदना कमी राहिल्या, बाळांनी दूध अधिक घेतले आणि त्यांचे वजनही अधिक वाढले. टाक्यांच्या कळांनी कुशीवर वळता येत नसेल, तर बाळाला छातीशी धरणेच अवघड होते. त्यामुळे ‘दुधासाठी दुखणे सोस’ हा घरोघरी मिळणारा सल्ला बाळंतिणीच्या आणि बाळाच्याही हिताचा नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. प्रसूतिकळांच्या वेळी दिलेल्या एपिड्युरलचा स्तनपानावर काय परिणाम होतो, याबाबत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि लॅक्टमेड ते दडवून ठेवत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. सगळा मजकूर इंग्रजीत, तोही वैद्यकीय इंग्रजीत आहे, त्यामुळे ज्या घरांना त्याची सर्वाधिक गरज आहे तिथे तो पोहोचत नाही. प्रत्येक औषधाचे पान वेगळे असल्यामुळे एकाच रात्री दिलेल्या चार-पाच औषधांचा एकत्र विचार वाचणाऱ्यालाच करावा लागतो. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या किंवा आजारी बाळाबाबत तर बालरोगतज्ज्ञांचाच शब्द प्रमाण मानावा. आणि दुधापुरता प्रश्न सुटला म्हणजे आईची सुरक्षितता आपोआप साधली असे नाही: टाक्यांभोवती किंवा नसांजवळ अशी औषधे मोठ्या मात्रेत दिल्यावर कानात गुणगुण, तोंडात धातूसारखी चव किंवा ओठांभोवती बधिरपणा जाणवला, तर त्याच क्षणी परिचारिकेला हाक मारायची असते, हे कळण्यासाठी लॅक्टमेडचा उपयोग नाही.

या संग्रहामुळे माझ्या ध्यानात आलेली आणखी एक गोष्ट अशी की आपली भीती चुकीच्या औषधाला चिकटलेली आहे. बधिर करणाऱ्या औषधाला आम्ही घाबरलो, पण घरी जाताना मिळालेल्या वेदनाशामक गोळीबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. स्तनपान देणाऱ्या मातांनी कोडीन आणि ट्रॅमाडॉल घेऊ नये, असे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१७ मध्ये बजावले आहे, कारण त्यांच्यामुळे बाळाला गुंगी येऊ शकते आणि श्वासाला त्रास होऊ शकतो. पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेन यांच्याबाबत अशी चिंता नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावरच्या ब्रँडच्या नावाखाली मूळ औषध कोणते आहे ते औषधविक्रेत्याकडून लिहून घ्यावे, त्या नावाने लॅक्टमेडमध्ये शोधावे आणि शंका आल्यास गोळी आपल्या मनाने न बदलता ते पान डॉक्टरांपुढे ठेवावे. सिझेरियनची तारीख आधीच ठरली असेल, तर भूलतज्ज्ञांना त्या औषधांची नावे आदल्या दिवशीच विचारता येतात.