काबुकिचोमधील सुशी आणि तोंडी सांगितलेला भाव

2023 च्या ऑक्टोबरमध्ये कार्यालयीन कामासाठी पुण्याहून टोकियोला गेलेल्या आम्हा तिघा सहकाऱ्यांची शिंजुकुच्या काबुकिचो भागात सुशी खाताना जी फसवणूक झाली, ती तेथे जाणाऱ्या इतरांना कळावी म्हणून सविस्तर लिहीत आहे.

शनिवारची रात्र होती. एका नावाजलेल्या सुशी दुकानाकडे आम्ही निघालो असता, त्याच्या दारापासून वीसेक पावलांवर एका तरुणाने आम्हाला नम्रपणे अडवले, फोनमध्ये पाहिल्यासारखे केले आणि ते दुकान भरलेले असून दीड तास थांबावे लागेल, असे सांगितले. त्याच दुकानाची दुसरी शाखा शेजारच्या इमारतीत असून तेथे माणशी तीन हजार येनमध्ये सुशीचे ताट मिळेल, बसण्याचे वेगळे पैसे पडणार नाहीत, असेही तो म्हणाला. रस्त्यावर गिऱ्हाईक ओढण्यास शिंजुकुमध्ये 2013 पासून स्थानिक नियमाने बंदी आहे, आणि अशा माणसांच्या मागे जाऊ नका, अशी सूचना तेथील ध्वनिक्षेपकांवरून सतत दिली जाते. ती सूचना कानावर पडत असतानाच आम्ही त्याच्या मागे चालत होतो. जपानमध्ये विसरलेली छत्रीसुद्धा परत मिळते, ही ऐकीव खात्री आमच्या डोक्यात इतकी पक्की बसली होती.

सहाव्या मजल्यावर लिफ्ट थेट दुकानातच उघडली. सुशी करणारा आचारी कुठेच दिसेना. ताटे आतून येत होती. सुशीचा भात साधारण अंगाइतका कोमट असावा लागतो, हा मात्र शीतकपाटातून काढल्यासारखा गार आणि टणक होता. त्याच वेळी उठायला हवे होते, पण ताटे समोर आल्यावर उठणे आम्हाला अशिष्टपणाचे वाटले. वाढणाऱ्या मुलीने आग्रह केला म्हणून आम्हा दोघांनी ओतोरो, म्हणजे ट्यूनाच्या पोटाकडील चरबीयुक्त भागाचे, प्रत्येकी दोन नग मागवले. मेनूकार्डावर त्यापुढे आकडा नव्हता, फक्त ‘त्या वेळचा भाव’ अशा अर्थाची दोन अक्षरे होती.

बिल आले 37,874 येनचे, म्हणजे त्या वेळचे सुमारे एकवीस हजार रुपये. ओतोरोचा एक नग 2,400 येनला लावला होता. न मागता आलेल्या चखण्याच्या वाटीचे माणशी 980, बसण्याचे 1,500, शनिवार असल्याबद्दल 1,000, आणि या सगळ्यावर पंधरा टक्के सेवाशुल्क व दहा टक्के कर. आमच्यातील एक शाकाहारी असल्याने त्याने काकडीच्या माकीखेरीज, म्हणजे काकडी घातलेल्या भाताच्या गुंडाळीखेरीज, काही खाल्ले नव्हते. हे सर्व आकार मात्र त्यालाही लागले.

या बिलाला आक्षेप घेणे अवघड जाते, कारण त्यातील अनेक बाबी मुळात खऱ्या रिवाजातून आलेल्या आहेत. ‘ओतोशी’ नावाची ती वाटी जपानी मद्यगृहांत खरोखरच दिली जाते, पण तिचे साधारण तीनशे ते पाचशे येन घेतले जातात. त्या दिवसाच्या बाजारावर ठरणारा भावही जुन्या सुशी दुकानांत असतो; तेथे निदान विचारल्यावर तो सांगतात. आम्ही विचारलेच नाही. व्यवस्थापकाने कमरेत वाकून अत्यंत आदबीने मेनूकार्डाच्या तळाशी जपानीत छापलेली बारीक ओळ दाखवली. टेबलाचे पैसे नाहीत असे सांगणाऱ्या तरुणाला आपण ओळखत नाही, असेही तो म्हणाला. आम्ही कार्डाने पैसे भरले आणि तपशीलवार पावती तेवढी मागून घेतली.

जवळच्या पोलीस चौकीत आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले गेले, परंतु किमतीवरील वाद दिवाणी स्वरूपाचा असल्याने त्यात पोलीस निर्णय देत नाहीत, असे सांगण्यात आले. इमारतीचे नाव मात्र आम्ही उच्चारण्याआधीच त्या अधिकाऱ्याने नकाशावर बोट ठेवले.

परतताना आम्ही मूळ दुकानासमोरून गेलो. 2021 च्या एप्रिलपासून जपानमध्ये गिऱ्हाइकाला करासहित भाव दाखवणे बंधनकारक आहे, आणि तेथे दाराबाहेरच्या फलकावर प्रत्येक नगाची करासहित किंमत लिहिलेली होती. काचेतून पाहिले, तर आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.