झिंगाट वाजवून दमलेल्या माणसाचं ‘सैराट’बद्दलचं मत

सुपारी घेतानाच मी हल्ली सांगून ठेवतो, झिंगाट एकदा वाजेल, फार तर दोनदा. समोरचा मान डोलावतो, ॲडव्हान्स देतो, आणि वरातीत पाचव्यांदा येऊन खांद्यावर हात टाकतो. ‘भाऊ, शेवटचं.’ शेवटचं म्हणजे अजून तीनदा.

मी बार्शी भागात की-बोर्ड वाजवतो. हळद, वरात, गणपती, जत्रा, कुणाच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम, जिथं बोलावतील तिथं. त्यामुळं ‘सैराट’ची गाणी मी ऐकली त्याच्या कितीतरी पट वाजवली आहेत. सिनेमा येऊन दहाएक वर्षं होत आली. या चार गाण्यांचं आता नीट बोलून टाकावं म्हणतो, कारण त्यांच्यावर माझं प्रेमही आहे आणि रागही.

सिनेमा 29 एप्रिल 2016 ला लागला, गाणी त्याच्या थोडी आधी आली. तो उन्हाळा आमच्या भागात कुणी विसरणार नाही. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे जात होती, आमच्या बार्शीवरूनच. लग्नाची तारीख धरायच्या आधी लोक टँकर मिळेल का ते विचारायचे. जेवणावळी लहान झाल्या, मांडव लहान झाले, वाजंत्री मात्र कुणी कमी केली नाही. मी मोबाईलच्या दुकानातून चारही गाणी मेमरी कार्डात भरून आणली आणि दोन दिवसांत तालमीला बसलो. तिसऱ्या दिवशी हळद होती. नवरीच्या मामेभावांनी नाचता नाचता हळदीचे हात थेट माझ्या पट्ट्यांवर ठेवले. मधल्या सप्तकातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या अजून पिवळसर आहेत. स्पिरिटनं पुसून पाहिलं, जात नाही. दुकानदार म्हणाला पट्ट्या बदलून देतो. म्हटलं राहू दे.

तेव्हा सगळीकडे एकच बातमी होती, की या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा अमेरिकेत रेकॉर्ड केलाय. कॅलिफोर्नियात सोनीचा स्कोअरिंग स्टेज आहे, हॉलिवूडच्या सिनेमांचं संगीत जिथं होतं तिथं. भारतीय सिनेमासाठी तिथं पहिल्यांदाच काम झालं म्हणत होते. आमचा ढोलकीवाला म्हणाला, ‘करमाळ्यात शूटिंग आणि व्हायोलिन अमेरिकेत? मधे कुणी भेटलं नाही काय?’ मीही हसलो होतो. खरं सांगायचं तर मला तो मोठेपणा वाटला होता. ‘सैराट’चे संगीतकार अजय-अतुल यांच्याकडं ‘नटरंग’ची ढोलकी आहे, ‘जोगवा’चं संबळ आहे. ‘जोगवा’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘जीव रंगला’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही मिळाला. एवढं सगळं हाताशी असताना परक्या मुलखातल्या वाद्यांचं काय अडलंय, असा माझा सवाल होता.

हे मत मी बरीच वर्षं धरून होतो, आणि त्याचं कारण फार साधं होतं. मी ती गाणी कधी ऐकलीच नव्हती. मोबाईलच्या बारीक स्पीकरवर चाल उचलली होती आणि पुढं डीजेच्या भिंतीवर ऐकली होती. मोबाईलमध्ये खालचे सूर येत नाहीत, आणि डीजेवर खालच्या सुरांशिवाय काही येत नाही. मधलं सगळं जिथं आहे, ते मला पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं एका दिवाळीत कानाला हेडफोन लावला तेव्हा कळलं. रात्री गच्चीवर पडून ‘याड लागलं’ लावलं आणि उठून बसलो. आवाजाच्या मागं, बरंच खाली, चेलोंचा, म्हणजे व्हायोलिनच्याच जातीच्या पण मोठ्या, खालच्या सुराच्या वाद्यांचा, एक थर सरकत होता. नदीला पाणी चढतं तसा, आवाज न करता. मी त्या जागी इतकी वर्षं की-बोर्डवरचं ‘स्ट्रिंग्ज’चं बटण दाबून एक लांबलचक सूर धरून ठेवत होतो आणि स्वतःला वाजवणारा म्हणवत होतो.

तेव्हा ज्यांना ही गाणी फक्त लग्नात माहीत आहेत त्यांना माझी पहिली शिफारस ही: चारही मिळून वीस-एकवीस मिनिटं आहेत, एकदा तरी बरा हेडफोन मागून आणा आणि एकटे बसून ऐका. पैसे लागत नाहीत.

आता एकेक.

‘याड लागलं’मध्ये मला आधी शब्दच आवडतो. पुस्तकात वेड असतं, आमच्या घरात याड. शहरातल्या निवेदकाला हा शब्द माईकवर म्हणायला अजून जड जातो, तो ‘वेड’ म्हणून सावरून घेतो आणि सगळी मजा घालवतो. गाणं अजय गोगावले यांनी गायलंय. त्यांचा आवाज वर जाताना पातळ होत नाही. चिरतो, पण फाटत नाही. आमचा गायक चांगला आहे, भजनात तयार झालेला आहे, पण तिथवर पोचत नाही, म्हणून मी ट्रान्स्पोजचं बटण दोनदा दाबून सगळं गाणं खाली घेतो. खाली घेतलं की ते बसतं, सुरात बसतं, लोकही वाहवा करतात. पण त्यातली धाप जाते. सिनेमातला हिरो परश्या पळत येऊन बोलतोय असं राहत नाही, खुर्चीत बसून बोलतोय असं होतं. म्हणजे हे गाणं उंचीवरच बेतलेलं आहे, आणि ज्याला ती उंची नाही त्यानं ते घेऊ नये. आम्ही घेतो, कारण पोट आहे.

‘सैराट झालं जी’ मला चारांत सगळ्यात कमी आवडतं. हे म्हटलं की लोक माझ्याकडं पाप केल्यासारखं बघतात. अजय यांच्या सोबत चिन्मयी श्रीपाद यांचा आवाज आहे, गोड आहे, तक्रार आवाजाची नाहीच. तक्रार अशी की मधलं संगीत इतकं भरगच्च आहे की गाण्याला बसायला जागा उरत नाही. पंगतीत वाढपी पान रिकामं होऊ देत नाहीत तसं. एक गोड संपत नाही तोवर दुसरं पानात. इथं मला तो अमेरिकेचा मोठेपणा अजून दिसतो. एवढे वादक समोर बसलेत म्हटल्यावर सगळ्यांना काहीतरी द्यायलाच हवं, असं झालंय.

‘झिंगाट’ला मी नावं ठेवणार असं वाटत असेल तर तसं नाही. दमलोय मी, गाणं दमलेलं नाही. मोडक्या हलगीवर वाजवा, ताशावर वाजवा, पत्र्याच्या डब्यावर वाजवा, ते उभं राहतं. अजय आणि अतुल दोघं भाऊ मिळून गायलेत, आणि त्यात गाण्याचा रुबाब कुठंच नाही, गल्लीतली दोन पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतायत असंच वाटतं. तीच तर खुबी आहे, कारण नाचणाऱ्याला वाटतं हे मलाही गाता येतं. एक गोष्ट मात्र फक्त वाजवणाऱ्यालाच कळते. दर खेपेला लय थोडी वाढते. पहिल्यांदा वाजतं ते रेकॉर्डच्या चालीनं. तिसऱ्यांदा ऑक्टोपॅडवाल्याचे, म्हणजे काठ्यांनी इलेक्ट्रॉनिक ताल वाजवणाऱ्याचे, हात गरम झालेले असतात. पाचव्यांदा शब्द तोंडात मावत नाहीत, गायक नुसता ‘झिंग झिंग’ करत राहतो आणि बाकीचं पब्लिक भरून काढतं. हिंदीत 2018 साली ‘धडक’मध्ये हेच गाणं पुन्हा आलं, अजय-अतुल यांनीच केलेलं. ठेका तोच, तरी आमच्याकडं ते कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. परगावाहून आलेल्या पाहुण्यांनीही मराठीच मागितलं.

आणि ‘आताच बया का बावरला’. माझ्या मतानं हे त्या अल्बममधलं सगळ्यात मोठं गाणं. ‘बया’ हा शब्द आमच्या बायका दिवसातून पन्नास वेळा उच्चारतात; दूध उतू गेलं तरी बया, सून बाळंत झाली तरी बया. तो गाण्यात आणून बसवला आणि इथं मुलगी स्वतःशीच बोलते. आमच्याकडच्या गाण्यांत प्रेमात पडायचं काम बहुतेक पोराचं, मुलीनं नुसतं लाजायचं. इथं सिनेमातल्या आर्चीला आपलं काय झालंय याचं स्वतःलाच नवल वाटतंय. श्रेया घोषाल बंगाली घरातल्या, पण तो ‘बया’ त्यांच्या तोंडून कुठंही उसना वाटत नाही. आणि ऑर्केस्ट्रा इथं बरोबर वागतो: ती बोलते तेव्हा बाजूला होतो, ती थांबली की उसळतो.

लाइव्हचं सांगतो, कारण माझा खरा मुद्दा तिथं आहे.

दोनेक वर्षांमागं भाच्यानंच पुण्यात मराठी सिनेगीतांच्या एका मोठ्या शोचं तिकीट काढलं. मोकळं मैदान, आयोजकांचं नाव घेत नाही, माझं तिकीट पंधराशेचं. आमच्या डाव्या अंगाला जनरेटर. स्टेजवर खरोखरचे दहा-बारा व्हायोलिनवाले बसलेले, काळे कपडे, ताठ पाठ. मी त्यांच्यासाठीच गेलो होतो म्हटलं तरी चालेल. ‘सैराट’ची गाणी सुरू झाली आणि मोठ्या पडद्यावर एक व्हायोलिन वाजवणारी मुलगी दिसली. गज वर-खाली होतोय, हनुवटी दाबलेली, घाम आलेला, अगदी जीव तोडून वाजवतेय. आणि ऐकू काय येतंय? ऑक्टोपॅड, बास आणि जनरेटर. तिचा एक सूर आमच्यापर्यंत आला नाही. बारा माणसं आणून बसवली, त्यांचा खर्च केला, आणि मिक्सरवर त्यांची बटणं खालीच ठेवली. झिंगाट आलं तेव्हा मात्र सगळं मैदान उभं राहिलं आणि आवाज चोख वाटला. वाटणारच, त्याला दुसरं काही लागतच नाही.

दुसऱ्याचं काय सांगा, आमचंही एकदा व्हायचं ते झालं. एका जत्रेत ‘सैराट झालं जी’ला भरणा यावा म्हणून मी पेनड्राइव्हवर मायनस ट्रॅक, म्हणजे गाणाऱ्यांचा आवाज काढून नुसतं संगीत ठेवलेलं रेकॉर्डिंग, लावला. अंतऱ्यात ट्रॅक अडकला. सगळी व्हायोलिनं एकाच सुरावर तबकडीची पिन अडकल्यासारखी ‘टँ टँ टँ’. गायिका बिचारी हात जोडून उभी. पेनड्राइव्ह माझा, चूक माझी. त्या दिवसापासून ट्रॅकवर काही लावायचं नाही, जे दहा बोटांत येतं तेवढंच, असं ठरवलं.

ठरवलं खरं, पण त्याची परीक्षा पांगरी भागातल्या एका हळदीत झाली. दुपारी दीड वाजता लाईट गेली. की-बोर्ड बंद, माईक बंद, पंखे बंद, नवरी अर्धी पिवळी. नवरीच्या आजीनं पडल्या पडल्या फर्मावलं, ‘ते बयाचं म्हणा की गं.’ कुणीतरी शेजारच्या देवळातली भजनी मंडळाची पेटी आणली. तिचा भाता एका बाजूनं गळत होता, त्यामुळं दर ओळीला अर्धा सूर गायब. ढोलकीवाल्यानं नुसत्या बोटांनी धरलं. आमची गायिका माईकशिवाय, मांडीवर हात ठेवून, त्या बायकांच्या घोळक्यात बसून गायली. व्हायोलिन नाही, हॉर्न नाही, अमेरिका नाही. गाणं होतं तसं उभं होतं. एका बाईनं नवरीच्या पाठीला हळद लावता लावता हात थांबवला आणि तशीच ऐकत राहिली. मला ते सहन झालं नाही, म्हणजे चांगल्या अर्थानं. मग लाईट आली आणि बाहेर पोरांनी झिंगाटचा गलका केला. आम्ही सुरू केलं.

ते ऐकल्यापासून हेडफोनवरचं ‘बया’ मला आणखी आवडायला लागलं. खाली हाड मजबूत आहे म्हणून वर एवढे दागिने शोभतात. ‘सैराट झालं जी’ला हे जमत नाही असं माझं मत होतं. अजून तेच आहे, पण थोडं सैल झालंय. या सीझनला एका पार्टीनं सुपारीतच अट घातली, की ते गाणं पाहिजे आणि ट्रॅकशिवाय पाहिजे. त्यांनीच पुण्यातला तो शो बघितला असावा अशी मला शंका आहे. म्हणून रोज रात्री जेवण झाल्यावर हेडफोन घालून बसतो, डाव्या हातात चेलोचा भाग, उजव्यात वरची व्हायोलिनं. भरगच्चपणा वाजवायला बसलं की त्यातली वीण दिसते, हे मान्य. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधीचा एक तुकडा मात्र बोटांत बसत नाही म्हणजे नाही. तालमीत तिथं मी हात वर घेतो आणि ढोलकीवाला एकटाच आठ मात्रा वाजवून नेतो. गायिका म्हणते हेच बरं वाटतंय, असंच ठेवा.