सोलापूर सोडायचं तर पुणे की हैदराबाद?

सोलापुरात शिकून बाहेर पडणाऱ्यासमोर बहुतेक वेळा दोनच शहरं असतात आणि दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. राष्ट्रीय महामार्ग ६५ धरला की पश्चिमेला अडीचशे किलोमीटरवर पुणं, पूर्वेला तीनशेच्या आसपास हैदराबाद. मी दोन्हीकडे नोकरी केली. आधी पुण्यात होतो, आता हैदराबादेत आहे. माझं काम औषधी रसायनांचं. मोटारीच्या कारखान्यात जाणाऱ्याचा हिशेब वेगळा निघू शकतो, त्यामुळे माझं म्हणणं तेवढं सांभाळून घ्या.

सोलापुरातच राहायचं हा तिसरा पर्याय आहेच. चिंचोळी एमआयडीसीत आणि शहराच्या आसपास रसायनांचे चांगले कारखाने आहेत. तिथं जमलं तर घरभाडं वाचतं, आई-वडील जवळ राहतात. पण कारखाने मोजके असले की एक नोकरी सुटल्यावर दुसरी कुठं शोधायची, हा प्रश्न उरतो. माणूस जास्त पगारासाठी गाव सोडतो असं आपण म्हणतो. माझ्या बघण्यात मात्र बरेचजण दुसऱ्या नोकरीच्या खात्रीसाठी बाहेर पडलेत. ज्यांच्या घरात गिरणी बंद पडलेली पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ नावाची कापडगिरणी सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू उभ्या राहिल्या आणि तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबं कामाच्या ओढीनं इथं आली. सोलापूरच्या पूर्व भागात आजही घराघरात तेलुगू बोलतात. गिरण्या गेल्या, मागं यंत्रमाग आणि विड्या राहिल्या. आता त्याच घरांतली नातवंडं उलट्या दिशेनं हैदराबादची गाडी पकडतात.

पगाराचं म्हणाल तर माझ्या कामात दोन्हीकडे उन्नीस-बीसचाच फरक होता. भाषा, जेवण, नातेवाईक यांत पुणं सरळ पुढं आहे. हडपसर, मांजरी, फुरसुंगी भागात कुठल्याही गल्लीत आपल्याकडचं कुणी ना कुणी भेटतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, संशोधनाचं वातावरण आहे. पीएचडी करून संशोधनातच राहायचं असेल तर पुण्याला मी नाही म्हणणार नाही.

माझं घोडं अडलं ते पुणे शहराच्या ठेवणीपाशी. सोलापूर रस्ता पुण्यात शिरतो पूर्वेकडून, हडपसरला. माझी प्रयोगशाळा होती हिंजवडीला, म्हणजे बरोब्बर दुसऱ्या टोकाला. बायकोची नोकरी हडपसरला, म्हणून घर तिकडंच घेतलेलं. रोज सगळं शहर आडवं कापून जायचं आणि तसंच परत यायचं. शुक्रवारी गावाकडं निघालो तर हिंजवडीहून हडपसर ओलांडायला जितका वेळ जायचा, तितक्या वेळात हडपसरहून सोलापूरच्या वाटेवरचं भिगवण यायला हवं. हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी सहाच्या सुमारास पुणे स्टेशनवरून सुटते. ती गाठायची तर ऑफिसातून चारच्या आधीच बाहेर पडावं लागे, आणि ते महिन्यातून एखाद्या वेळीच जमे. वडील आजारी असताना हे फार टोचलं. कागदावर पुणं जवळ आहे, पण माझ्यासाठी ते जवळ राहिलं नव्हतं. नोकरी बदलून जवळची घ्यावी म्हटलं तर माझ्या कामाच्या जागा विखुरलेल्या: एक हिंजवडीला, दुसरी थेट दौंड तालुक्यात कुरकुंभला. दर बदलाला घर हलवायचं, नाहीतर बायकोनं नोकरी सोडायची.

हैदराबादेत हीच गोष्ट उलटी आहे. आपला रस्ता नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद, संगारेड्डी करत शहराच्या पश्चिम टोकाला पटनचेरूत पोचतो आणि औषधी रसायनांचे कारखाने तिथंच सुरू होतात. पटनचेरू, पाशमैलारम, बोल्लारम, जिन्नारम हा सगळा एकच पट्टा. संगणकवाल्यांचं गच्चीबावली आणि हायटेक सिटीही याच बाजूला आहे. रेल्वेनं आलात तर लिंगमपल्लीला उतरा, शहरात शिरायचीही गरज नाही. अंतर पन्नास किलोमीटरनं जास्त असूनही मी आता गावाकडं जास्त वेळा जातो. इथं आल्यावर एकदा नोकरी बदलली, तेव्हा घर, बायकोचं काम, दूधवाला, काहीच बदललं नाही.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. पटनचेरू-बोल्लारम पट्टा प्रदूषणासाठी देशभर बदनाम झालेला आहे. तिथं राहू नका. मियापूर किंवा चंदानगरला घर बघा, मियापूरहून मेट्रोही मिळते. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जून २०२५ मध्ये पाशमैलारमच्या एका औषध कारखान्यात स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक कामगार गेले. मुलाखतीला जाल तेव्हा पगाराआधी सुरक्षेची चौकशी करा, रात्रपाळीच्या कामगारांशी बोला. गेटवर चहाच्या टपरीवर जे कळतं ते मनुष्यबळ विभाग सांगत नाही.

आणि मुलांचं शिक्षण. इथं पुण्याचं पारडं खरोखर जड आहे. तेलंगणात २०१८ च्या कायद्यानं शाळेत तेलुगू सक्तीची आहे. महाराष्ट्रात मेडिकलला राज्याच्या कोट्यातून जायचं तर साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. जातीच्या दाखल्यावर मिळणाऱ्या राज्याच्या सवलतीही सीमा ओलांडली की लागू राहत नाहीत. मूल आठवी-नववीत असेल तर पुण्यालाच जा, किंवा चार वर्षं थांबा. माझी मुलगी आली तेव्हा बालवाडीत होती. आता शेजारच्या पोरींशी तेलुगूत भांडते आणि आजीशी फोनवर सोलापुरी बोलते, म्हणून आमच्या घरात हा प्रश्न तितका बोचला नाही.

मूल लहान असेल, किंवा लग्नच व्हायचं असेल, आणि काम रसायनांचं किंवा संगणकाचं असेल, तर माझा कल पूर्वेकडे आहे. फक्त घर ठरवण्याआधी एकदा मियापूरला ओळखीच्या कुणाकडे उतरा आणि सकाळच्या पाळीच्या वेळी पटनचेरूच्या बसमध्ये बसून बघा. हिंजवडीलाही त्याच वेळी एकदा जाऊन या. मग काय ते ठरवा.