जुने परफॉर्मन्स टायर कसे विकावेत हे कळणारं दुकान (एक चूक सोडून)

मागच्या महिन्यात गाडीला चार टायर टाकले, दोन नवे कोरे आणि दोन वापरलेले, चारही मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ (समर परफॉर्मन्स टायर, म्हणजे गरम हवेत जास्त पकड देणारे), साइज २२५/४५ आर १७, आणि सगळे एकाच दुकानातून. दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण एक चूक त्यांच्याकडूनही झाली, ती खाली सांगतोच, पण जुना टायर गिऱ्हाइकाला कसा दाखवायचा हे मी तिथे पहिल्यांदा बघितलं म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी जुने टायर मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवले होते. फोटोत काळेभोर चकचकीत, नक्षी (खाचांची खोली) ६ मिमी, खाली लिहिलेलं "ऑलमोस्ट न्यू". बसवूनही टाकले आणि मग एकदा गाडी धुताना साइडवॉलवरचा (टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा) डीओटी कोड बघितला, त्यात टायर कधी बनला ते असतं, शेवटचे चार आकडे ०५१७, म्हणजे २०१७ च्या पाचव्या आठवड्यात बनलेला टायर, म्हणजे मी घेतला तेव्हाच साडेसहा वर्षांचा. कोरड्या रस्त्यावर काही जाणवलं नव्हतं. पहिल्या पावसात मात्र एका साध्या वळणावर स्टीअरिंग वळवलेलं आहे आणि गाडीचं नाक सरळच चाललंय, स्पीड पण काही फार नव्हता, बायको शेजारी बसलेली, तिने दाराचं हँडल घट्ट धरलं ते अजून डोळ्यासमोर आहे. घरी येऊन नक्षीच्या ठोकळ्यावर नख दाबून बघितलं तर खूणच उठेना, इतकं रबर कडक झालेलं. समर परफॉर्मन्स टायरची सगळी कमाल त्या रबराच्या कंपाउंडमध्ये असते आणि ते वय, ऊन, उष्णता यांनी कडक होत जातं, ट्रॅकवर पिळलेला टायर तर पुन्हा पुन्हा तापून थंड होऊन आणखी लवकर. नक्षी कितीही शिल्लक असली तरी हे फोटोत दिसत नाही.

तर आता हे दुकान. जुना माल सगळा रिमवरून उतरवून ठेवलेला, प्रत्येक टायरवर चिकटवलेला कागद आणि त्यावर बनल्याचा आठवडा-वर्ष आणि नक्षीची तीन मापं, बाहेरची कड, मधला भाग, आतली कड. मला एक जोडी आवडली होती, उभी ठेवलेली, बाहेरून एकदम मस्त. तिथले काका म्हणाले "ती नका घेऊ, कागद वाचा आधी." बाहेर ५.८, मध्ये ५.५ आणि आतल्या कडेला ३.१. आधीच्या गाडीचं अलाइनमेंट गेलेलं असणार, टायर आतून खाल्लेला, आणि गाडीला लावलेला असताना ती कड कोणाला दिसतच नाही. बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे पण पावसात पाणी कापायचं तर मी स्वतः ३ च्या खाली जात नाही, मग त्या जोडीत उरलं काय?

दुसऱ्या जोडीची मापं छान होती. काकांनी मोबाइलचा टॉर्च टायरच्या पोटात धरला आणि टायर हळूहळू फिरवत मला आत हात घालायला लावला. आत साइडवॉलला गोल फिरलेला खरबरीत पट्टा लागला आणि बोटांना काळी पूड. हवा कमी असताना कोणीतरी बरंच अंतर चालवलाय, साइडवॉल आतून दुमडून घासली गेलीय. बाहेरून ना फुगा ना कट, काहीच नाही. असा टायर हायवेवर कधी दगा देईल सांगता येत नाही. त्यांनी तो माझ्यासमोर खडूने फुली मारून बाजूला काढला, विकायच्या रांगेत परत ठेवला नाही. मला तिथेच भरवसा वाटला.

शेवटी घेतली ती जोडी १४२२ ची, म्हणजे २०२२ च्या चौदाव्या आठवड्यातली, मापं ५.६, ५.५, ५.४, आतून स्वच्छ, पंक्चर एकही नाही. पंक्चर असतं तरी मधल्या पट्ट्यात नीट आतून पॅच केलेलं एखादं मी चालवून घेतलं असतं, पण खांद्याला (नक्षी संपून साइडवॉल सुरू होते त्या कडेला) किंवा साइडवॉलला असेल तर अजिबात नाही, कोणी कितीही "पक्कं केलंय" म्हणू दे. एक अजून, त्यांच्याकडे त्याच साइजमध्ये व्ही रेटिंगचे दुसरे स्वस्त टायर पण होते. माझ्या गाडीला ९४ वाय लागतो, ९४ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ६७० किलो वजन आणि वाय म्हणजे ३०० किमी प्रतितासपर्यंतचा वेग, व्ही २४० वर थांबतो. तेवढ्या वेगाने आपण जात नाही हे खरं, पण कंपनीने गाडीला जे रेटिंग दिलंय त्याच्या खाली उतरायचं नाही हे मी ठरवलेलं आहे आणि त्यांनीही आग्रह केला नाही.

नवी जोडी मागे लावली, जुनी पुढे. अनेकांना उलट वाटतं, पुढची चाकं ओढतात म्हणून नवे पुढे हवेत. पण ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी फिरते आणि ती सावरणं साध्या ड्रायव्हरच्या हातात राहत नाही, पुढची सुटली तर निदान ॲक्सिलरेटर सोडून सावरता येतं. हे मी सांगायच्या आधीच त्यांनी सांगितलं. शिवाय नवे टायर पहिले दोन-तीनशे किमी जपून चालवा, वरचा थर गुळगुळीत असतो, हेही.

आता चूक. हा टायर असिमेट्रिक आहे, एका बाजूला आउटसाइड लिहिलेलं असतं आणि तीच बाजू बाहेर यायला हवी. घरी आल्यावर चारही बाजूंनी फिरून बघितलं तर डाव्या पुढच्या चाकावर "इनसाइड" माझ्याकडे बघतंय! फिटर पोरगा घाईत होता, मागे गाड्यांची रांग होती, पण हे व्हायला नको होतं, कारण टायर उलटा बसला की वळताना जो भक्कम बाहेरचा भाग कामाला यायचा तो आत जातो. फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं, उतरवून नीट बसवलं, बॅलन्सिंग पुन्हा केलं, पैसे घेतले नाहीत, काकांनी मनापासून माफी मागितली. नट मात्र पहिल्या दिवशी नुसत्या गनने आवळले होते, टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) मी मागितल्यावर बाहेर आला. दुकानात आहे तर न मागता वापरा ना.

चालवायला गाडी वेगळीच झालीय. स्टीअरिंगमध्ये रस्ता कळतो, ओल्यात ब्रेक दाबला की गाडी बसते, १०० च्या पुढे कुठे थरथर नाही. पण जिथे तापमान नेहमी ७ अंशांच्या खाली जातं तिथे समर टायर घेऊच नका, नवा असो की जुना, थंडीत हे रबर आखडतं.

दुकानाला पाचपैकी चार. पुढची जोडी ३ मिमीला आली की परत इथेच येणार, फक्त टायर रिमवर चढेपर्यंत मी मशीनच्या शेजारून हलणार नाही.