इलेक्ट्रिक गाडी खाली घेऊन ‘राइड तशीच मऊ’ ठेवतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा : माझे ७१,१०० रुपये गेले

सोलापुरात इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या आणि त्यांच्यामागोमाग हा धंदाही वाढला. गाडी तीस मिलिमीटर खाली घेऊन (म्हणजे जमिनीपासूनची उंची तेवढी कमी करून) देतो, राइड आहे तशीच मऊ ठेवतो, ईव्हीसाठी खास बनवलेलं किट आहे, असं सांगायचं आणि प्रत्यक्षात पेट्रोल मॉडेलच्या स्प्रिंगा कापून बसवायच्या. अक्कलकोट रोडच्या बाजूच्या एका गॅरेजवाल्याने माझ्या गाडीला हेच केलं. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. पण काम कसं केलं ते सगळं लिहितो, म्हणजे पुढच्या माणसाला गॅरेजमध्ये उभं असतानाच कळेल.

पैसे असे गेले : स्प्रिंगांचा संच २६,०००, चार ‘गॅस चार्ज्ड’ शॉकअप ३२,०००, वरची माउंटिंग आणि बंप स्टॉपर ६,४००, मजुरी ५,५००, अलाइनमेंट १,२००. एकूण ७१,१००. त्यातले ४०,००० आगाऊ यूपीआयने आणि ३१,१०० गाडी ताब्यात घेताना रोख. बिल म्हणून हातात कोटेशनचा कागद. त्यावर ना जीएसटी नंबर, ना पार्ट नंबर. आपल्याकडे निम्मी गॅरेजं अशाच कागदावर चालतात, त्यामुळे त्यात वेगळं काही वाटलं नाही. तुम्ही मात्र पक्क्या बिलाशिवाय एक रुपया देऊ नका, आणि रोख तर अजिबात नाही. आज माझ्याकडे पुरावा आहे तो फक्त चाळीस हजारांचा.

‘हौस नडली’ म्हणणाऱ्यांनी आधी ऐकून घ्या. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, उंच सीटवर चढताना तिला त्रास होतो, आणि पाठीमुळे दणकेही चालत नाहीत. उंची कमी आणि राइड मऊ, दोन्ही गोष्टी मी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितल्या होत्या. मागणीत वावगं काही नव्हतं. वीस-पंचवीस मिलिमीटर खाली घेऊन राइड चांगली ठेवता येते. त्यासाठी गाडीचं वजन घ्यावं लागतं, स्प्रिंगचा रेट (कडकपणा) ठरवावा लागतो आणि शॉकअपचा दांडा सरकायला किती जागा उरते ते मोजावं लागतं. या माणसाने तिन्हीपैकी एकही गोष्ट केली नाही. “होतंय की ओ, टेन्शन घेऊ नका, अशा लई गाड्या केल्यात,” एवढ्यावर काम सुरू झालं.

ईव्हीत नेमकं काय वेगळं असतं ते समजून घ्या, कारण फसवणूक तिथेच होते. तीच गाडी पेट्रोलमध्ये असते त्यापेक्षा इलेक्ट्रिकमध्ये दोनशे किलोच्या आसपास जड असते. बॅटरी पॅक मधोमध जमिनीलगत असल्यामुळे मागच्या चाकांवरचा भारही वाढतो. म्हणून कंपनी ईव्हीला जाड तारेच्या स्प्रिंगा देते. स्प्रिंगची ताकद तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर चालते. माझ्या गाडीच्या पुढच्या मूळ स्प्रिंगची तार १३ मिलिमीटर होती, बसवलेलीची १२ निघाली. फरक एका मिलिमीटरचा दिसतो, पण स्प्रिंग २७ टक्क्यांनी मऊ होते. स्प्रिंगच्या दबणाऱ्या सहा वेढ्यांतला एक कापला की रेट २० टक्के वाढतो. तरीही हिशेब मूळच्या ८७ टक्क्यांवरच येतो. म्हणजे गाडी खालीही आली आणि स्प्रिंग आधीपेक्षा मऊही झाली. ‘खाली घेऊन मऊ’ हे त्याचं सगळं कसब इतकंच.

आणि इथेच ते कळायला हवं होतं. गाडी ताब्यात देताना त्याने शेजारी बसून होटगी रोडला एक चक्कर मारायला लावली. गाडी आधीपेक्षा मऊ वाटली, आणि तो म्हणाला, “बघा सर, गादीवानी चालतीय की नाही?” नीट खाली घेतलेली गाडी आधीपेक्षा मऊ वाटूच शकत नाही. ती किंचित कडकच लागते, कारण चाकाला वर यायला जागा कमी उरते आणि तेवढ्या कमी जागेत तोच खड्डा पचवायचा असतो. मूळ गाडीत दोन माणसं बसलेली असताना चाक वर यायला साधारण ८० मिलिमीटर होते. ३० खाली घेतल्यावर ५० उरतात. त्यात भागवायचं तर स्प्रिंग २० ते २५ टक्के कडक हवी, आणि रेट २५ टक्के वाढला की शॉकअपचं डॅम्पिंगही (झोके आवरायची ताकद) साधारण १२ टक्क्यांनी वाढवावं लागतं. हे गणित मला ठाऊक होतं. पण ३२,००० रुपयांचे चार नवे शॉकअप टाकलेत असं सांगितल्यावर ‘म्हणून मऊ वाटतंय’ हे कुणालाही पटलं असतं. शॉकअप खरंच नवे असते तर पटायला हरकतही नव्हती.

दुसरी खूण तर डोळ्यांसमोर फरशीवर पडली होती. काढलेली स्प्रिंग आणि बसवायची स्प्रिंग शेजारी-शेजारी होत्या. मूळ स्प्रिंगचं टोक शेवटच्या वेढ्यात आत वळत जाऊन लहान वर्तुळात संपतं, ते शॉकअपच्या वाटीत बरोबर बसतं. ‘नव्या’ स्प्रिंगचं टोक ग्राइंडरने तिरकं कापलेलं, कडेला धातूची कुस तशीच, आणि त्या कुसेवर काळ्या रंगाचा थेंब जमून वाळलेला. कारखान्यातून पावडर कोटिंग होऊन आलेल्या स्प्रिंगवर रंगाचा थेंब नसतो. हाताने ब्रश मारला की असतो. मी तो बघितला, बोट लावलं, आणि तो म्हणाला, “पेंट टच-अप केलाय, गंज नको म्हणून.” आजही त्या थेंबाचा राग येतो.

कापलेलं टोक वाटीत बसेना म्हणून शेवटचा वेढा गॅसने लाल करून ठोकला होता. स्प्रिंगचं पोलाद एकदा पाणी देऊन, मग ठरावीक तापमानाला बसवलेलं असतं. लाल केलं की तो गुण गेला, आणि तेवढा भाग रोज थोडा थोडा दबत जातो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या, हे सगळ्यात खात्रीचं माप. माझ्या गाडीला पुढे मुळात ४३० मिलिमीटर होतं. ठरलं होतं ४००. हातात आली तेव्हा ३९६. काही आठवड्यांत डावीकडे ३७२ आणि उजवीकडे ३८१. डाव्या चाकाला वर यायला २२ मिलिमीटर उरले. वर बंप स्टॉपर अर्ध्यातून कापलेला. हा स्टॉपर फोमचा असतो आणि शेवटच्या टप्प्यात दुसऱ्या स्प्रिंगचं काम करतो. तो कापला की शॉकअपचा दांडा तळाला जाऊन लोखंडावर लोखंड आपटतं. आपल्या रस्त्यांवर हे किती वेळा होतं ते सांगायला नको. नियमातला स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. पेठांच्या गल्लीबोळांत लोकांनी स्वतः घातलेल्या उंचवट्यांना कसला नियम?

शॉकअपचं तर बोलायलाच नको. चारही जुने, भोक पाडून तेल भरलेले, भोकावर टाका मारून वर रंग दिलेला. नळीच्या तळाशी बोट फिरवलं तर टाक्याचा उंचवटा लागतो. गॅसचा शॉकअप ओळखायची साधी रीत आहे : बसवण्याआधी दांडा पूर्ण आत दाबून सोडा. गॅस असेल तर तो आपोआप हळूहळू बाहेर येतो, नसेल तर आतच राहतो. हे माझ्यासमोर करून दाखवा म्हणा. आढेवेढे घेतले तर गाडी घेऊन निघा. दमच नसलेल्या शॉकअपचा ईव्हीत आणखी एक त्रास होतो. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल सोडलं की रिजनरेशनमुळे (मोटर ब्रेकसारखी ओढून बॅटरी चार्ज करते त्यामुळे) गाडी लगेच धीमी होते आणि पुढचं तोंड खाली झुकतं. पेट्रोल गाडीत हे एवढं जाणवत नाही. इथे प्रत्येक सिग्नलला गाडी मान डोलावते, आणि मागे बसणाऱ्याला मळमळतं.

अलाइनमेंटचे १,२०० घेतले, प्रिंट दिली नाही. नंतर दुसरीकडे तपासलं तर पुढच्या चाकांचा कॅम्बर (वरून आत कललेपणा) उणे दीड अंशाच्या पुढे, टो (चाकांच्या पुढच्या कडांची दिशा) बाहेर, आणि दोन्ही पुढचे टायर आतल्या कडेने तारेपर्यंत झिजलेले. बाहेरून बघितलं तर नक्षी शाबूत, त्यामुळे लक्षात येत नाही. आतल्या कडेवरून हात फिरवा. आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंट हव्यात. मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असेल, आणि या किमतीच्या बहुतेक गाड्यांत तोच असतो, तर मागचा कॅम्बर-टो बोल्ट फिरवून जुळत नाही, शिम (पातळ चकत्या) घालावे लागतात. ‘चारही चाकं सेट केली’ म्हणणाऱ्याला शिम कुठे घातले ते विचारा.

लोअर आर्मचे (चाक सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बोल्ट त्याने गाडी रॅम्पवर लटकलेली असतानाच आवळले होते. हे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकून वजन आल्यावर, ठरावीक जोरच लावणाऱ्या टॉर्क पान्ह्याने. नाहीतर सांध्यातला रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो, राइड कडक करतो आणि लवकर फाटतो. जॅक लावला तोही बॅटरीच्या खालच्या कव्हरवर. गोल डाग अजून आहे. ईव्ही उचलायची ती दाराखालच्या कडेवरच्या (सिलवरच्या) ठरवून दिलेल्या खुणांवरच. मेकॅनिकला त्या खुणा माहीत नसतील तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका.

घरच्या घरी करायच्या दोन चाचण्या सांगतो. गाडी खुणेवर उचलून चाक लटकू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. गरकन फिरली तर ती लांबीला कमी आहे आणि मोठ्या खड्ड्यात वाटीतून निसटू शकते. दुसरी : शॉकअपच्या दांड्यावर प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बांधा आणि नेहमीच्या रस्त्याने फिरून या. टाय पार टोकाला सरकला असेल तर तुम्ही रोज स्टॉपरवर चालताय. या दोन्हीला पैसे लागत नाहीत. गाडीचं वजन काम द्यायच्या आधी मार्केट यार्डाजवळच्या एखाद्या काट्यावर करून घ्या, आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. ते आकडे न विचारता स्प्रिंग सुचवणारा माणूस अंदाजाने सुचवतोय.

आता यंत्रणेबद्दल. चौकीत गेलो तर साहेब म्हणाले, हे दिवाणी आहे, ग्राहक कोर्टात जा. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, पेट्रोलची कापलेली स्प्रिंग ईव्हीची म्हणून विकणं यात फसवणूक नाही तर काय, असं विचारलं. अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला मात्र तासभर बसवलं. वाहनांच्या कार्यालयात तर उलटा माझ्यावरच शेक. “परवानगीशिवाय बदल केला म्हणजे कलम ५२ लागतं, १८२अ खाली पाच हजार दंड तुम्हालाच.” मोटार वाहन कायद्याचं हे कलम ५२ आरसीतल्या नोंदींपासून गाडी वेगळी करण्याबद्दल आहे. माझ्या आरसीत वजन आहे, व्हीलबेस आहे, जमिनीपासूनची उंची कुठे आहे? हे विचारल्यावर खिडकी बदलायला सांगितलं, त्या खिडकीने पहिल्या खिडकीकडे पाठवलं. मालकाला पाच हजारांची भीती घालायला सगळे तयार, आणि कापून लाल केलेल्या स्प्रिंगा माणसांच्या गाड्यांना लावणारा गॅरेजवाला कुणाच्याच अखत्यारीत येत नाही. उद्या हायवेला स्प्रिंग निसटून कुणी मेलं तर हेच लोक पंचनाम्याला येतील. अधिकृत सर्व्हिस सेंटरने स्प्रिंगा कापलेल्या आहेत हे तोंडी मान्य केलं, लिहून द्यायला नकार दिला. शेवटी परवानाधारक सर्व्हेयरकडून ३,५०० रुपये भरून व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) घेतलेल्या मापांसकट अहवाल घेतला. फसलेल्यांनी पहिल्यांदा हेच करावं, चौकीच्या आधी. विमा कंपनीलाही बदल आधी लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे करतील.

दुरुस्तीला लागले ते असे : कंपनीच्या चार स्प्रिंगा ११,६००, चार शॉकअप २१,२००, पुढचे दोन टायर १३,८००, मजुरी ४,६५०, अलाइनमेंट १,५००. मिळून ५२,७५०. आधीचे ७१,१०० धरून १,२३,८५०, शिवाय सर्व्हेयर वेगळा. मूळ स्प्रिंगा परत मागितल्या तर “भंगारात गेल्या” म्हणाला. माझ्या मालकीच्या, चांगल्या स्प्रिंगा! जुने पार्ट त्याच दिवशी डिकीत टाकून आणा.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या हेल्पलाइनवर आधी नोंद करून तिचा क्रमांक जोडा. कापलेल्या स्प्रिंगा काढताना सलग व्हिडिओ घ्या, त्यात नंबर प्लेट, चाक आणि बाहेर येणारी स्प्रिंग एकाच चित्रणात दिसली पाहिजे. मधे तोडलेला व्हिडिओ दाखवला की समोरचा लगेच म्हणतो, ही स्प्रिंग आमची नव्हेच. आणि त्या स्प्रिंगा पुसू नका, धुऊ नका, टोकावरचा रंग जसाच्या तसा राहू द्या.